आत्याच्या आवाजाखालचा ठोका

पुण्याची पोरं मला विचारतात, दादा, तुमच्यावर प्रभाव कुणाचा? त्यांना परदेशातल्या डीजेंची दोन-चार नावं हवी असतात. मी सांगतो, इंजनाचा. मग ती हसतात, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे बाबांनो, मी काय थट्टा करून राहिलो का?

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारपासून आमचं गाव फार लांब नाही. वीज तेव्हा मनाला आलं तर यायची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे विहिरीवरचं तेलाचं इंजन. थंडीच्या दिवसांत बाप पहाटे-पहाटे जाऊन हँडल मारायचा. इंजन आधी खोकायचं, थुंकायचं, नखरे करायचं, आणि मग एकदा ठोका धरला की धरला. मी बांधावर गोधडीत पडलेलो असायचो. तो ठोका कानात नाही यायचा, जमिनीतून पाठीत यायचा. डोळे अर्धे मिटलेले, धुक्यात हरभऱ्याचे आंबट वास येणारे शेंडे, पाटात पाणी पुढं सरकल्याची चाहूल, आणि ह्या सगळ्यावर कुठून तरी आत्याचा आवाज. ती दारं धरायची, म्हणजे ह्या वाफ्याचं पाणी त्या वाफ्यात फिरवायची, आणि फिरवता फिरवता हळदीचं गाणं गुणगुणायची. झोप आणि जाग ह्यांच्या मधल्या त्या जागेत मी किती सकाळी काढल्या, काही हिशेब नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी सांगितलं की ह्या प्रकाराला हाऊस म्हणतात. खाली एकसारखा ठोका, वर एखादी बाई गाते, आणि संपायची कुणालाच घाई नसते. मी म्हटलं, बरं, म्हणा हाऊस.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा गेला, तेव्हा ती माहेरी आली ती कायमची. आमची आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि धाकटी बहीण रांगत होती. तिला वाढवलं आत्यानंच. न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेच्या रस्त्याला लावून देणं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या, सगळं तिनं केलं. बहीण बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्दच 'आत्या' होता. आत्या हे चारचौघांत सांगायची आणि सांगताना उगाच पदराचं टोक चाळवायची.

आणि आत्या म्हणजे आसपासच्या गावांत हळदीच्या गाण्याची बाई. आमच्याकडं हे गाणं एकटीचं नसतं. एकीनं पुढं होऊन ओळ म्हणायची, आणि बाकीच्या बायांनी त्याच ओळीत नातं घालून ती परतवायची. मामी हळद लावायला आली की मामीचं नातं, काकू आली की काकूचं. ज्या बाईचा हात नवरीला लागतो तिचं नातं गाण्यात येतं. पुढं म्हणणारी बाई पक्की नसली तर सगळा विचका होतो. आत्याचा आवाज काही गोड नव्हता, थोडा खरखरीतच होता, पण तो उठला की बाया आपोआप ओळीत यायच्या.

पण ती विधवा. हळद लावायची ती सवाष्णींनी. आत्यानं मांडवात पाऊल टाकायचं नाही, नवरीला हात लावायचा नाही. मग ती कुठं दाराच्या आडोशाला, कुठं पाण्याच्या टाकीपाशी बसून गायची. बोलावणं मात्र सगळ्यांत आधी तिला, कारण तिच्याशिवाय गाणंच उठायचं नाही. म्हणजे आवाज आत आणि बाई बाहेर. इतक्या पोरींची हळद तिनं गायली, पण त्या गाण्यात तिचं स्वतःचं नातं कधी आलं नाही. मला त्याचा संताप यायचा. ती म्हणायची, "तुला काय करायचं रे त्याचं? रीत हाय ती."

मग डीजे आला. टेंपोवर भिंतीएवढे स्पीकर चढले, आणि त्या दणदणाटात दाराच्या आडोशाला बसलेल्या बाईचं कोण ऐकतंय? आत्याला बोलावणी यायची बंद झाली. मांडवाशी तिचा जो काही संबंध होता तो त्या आवाजाचाच होता, तोही गेला. आणि मला नाद कशाचा लागावा, तर नेमका त्याच धंद्याचा. मी भीत भीत तिला सांगितलं तर म्हणाली, "शिर की त्यात. मी काय गळा काढून राहिले का? चार पैसे मिळव, पण कान सांभाळ मेल्या."

नाद लावला एका चाचांनी. जवळा बाजारात त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी बाप मला तिथं बसवून कापसाच्या भावाची चौकशी करत फिरायचा. चाचांच्या तरुणपणी डिस्कोची हवा होती, आणि ती त्यांच्या दुकानातून पुढंही कधी गेलीच नाही. रंग उडालेल्या कॅसेटींची एक पेटी होती, तिला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांची एक सवय होती. गाणं लावायचं आणि वरचे बारीक आवाज हळूहळू कमी करत जायचं. गाणारी बाई विरून जायची, व्हायोलिन विरून जायचं, आणि शेवटी फक्त खालची धमक उरायची. मग माझ्याकडं बघून म्हणायचे, "गाना तो सब सुनते बेटा. गाने के नीचे क्या चल रहा, वो सुन."

आणखी एक उद्योग करायचे ते. पाय थिरकायला लागतो नेमकं तिथंच गाणं संपतं, हे त्यांना सहन व्हायचं नाही. "ये जुल्म है," म्हणायचे. मग ब्लेडनं फीत कापायची, नुसत्या ढोल आणि गिटारचा तुकडा दुसऱ्या कॅसेटवर उतरवून तो मध्ये चिकटवायचा, आणि गाणं लांबवायचं. दुपारी गिऱ्हाईक नसताना आम्ही दोघं ते लांबवलेलं गाणं ऐकत बसायचो. बाहेर बाजार चाललेला, कुणी मिरच्या तोलतंय, कुणी शेळी ओढून नेतंय, आणि आत ते गाणं संपतच नाही. चाचा डोळे मिटून बसलेले. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप खाली आलेली, तिच्यात धूळ नाचतेय. मला वाटायचं, आता बाप येऊच नये. जगात कुठंतरी लोक हेच करून नावारूपाला आले, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. चाचा आपले मजेसाठी करत होते.

पुढचं फार नाही सांगत. टेंपोवर स्पीकर चढवण्यापासून सुरुवात झाली, मग वरातीत गाणी लावायला मिळाली, मग हिंगोलीहून जुना कॉम्प्युटर आणला आणि गाणी कापायला-जोडायला लागलो. चाचांचं ब्लेड माझ्या हातात माऊस होऊन आलं. मग पुणे. तिथं एका रविवारी दुपारी, एका इमारतीच्या गच्चीवर, मी स्वतः बनवलेला ट्रॅक पहिल्यांदा लावला. त्यात गाणं नव्हतंच, नुसता ठोका आणि त्यावर तरंगत जाणारे दोन-तीन सूर. मला वाटलं, आता लोक शिव्या घालणार. पण ते हळूहळू डुलायला लागले, काहींनी डोळे मिटले, ऊन उतरत गेलं तरी कुणी हललं नाही. मी तिथं उभा होतो आणि मला हरभऱ्याचा वास येत होता. खोटं नाही सांगत, रडू आलं मला.

नंतर मी गावी परतलो. ट्रॅक बनवायला पुण्यातच कशाला राहायला पाहिजे? घरातली एक खोली घेतली, भिंतींना आत्याच्या जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या म्हणजे आवाज घुमत नाही, आणि तिथून पुण्या-मुंबईला काम पाठवायला लागलो. गावात लोक विचारायचे, पोरगं काय करून राहिलंय? बाप म्हणायचा, "गोधड्यांत बसून कॉम्प्युटर वाजवतंय."

अशात बहिणीचं लग्न ठरलं. स्थळ सेनगावकडचं, गोरेगावचं. पोरगा चांगला, माणसं चांगली. हळद आमच्याच दारात. आणि बहिणीनं एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, "आत्या मांडवात न्हाई आली, तर मला हळदच नको."

आत्याची भाकरी तव्यावरच राहिली. "येडी झाली का गं? माझा हात लागून तुझं काही वाईट झालं तर मी कुठं तोंड लपवू?"

"तुझ्या हातानंच मोठी झाले ना मी? तवा न्हाई झालं ते वाईट?"

"ते येगळं. हळद येगळी."

"काहून येगळी?"

करपलेली भाकरी आत्यानं स्वतःच्या ताटात टाकली. बाप म्हणाला, तिची मर्जी. गावातल्या बायांचीही आडकाठी नव्हती, डोंगरकड्याहून मावशीनं तर फोनवर स्पष्ट सांगितलं की आता असलं कोण पाहतंय. पण अडवणारी आत्या स्वतःच होती. तिच्याशी वाद घालायचा तरी कसा? रीत मोडली म्हणून लोक काय म्हणतील ह्याची भीती तिला नव्हती. आपल्या सावलीनं पोरीचा संसार बिघडेल, ही खरीखुरी भीती तिच्या पोटात होती. बहीण रोज रडायची, आत्या रोज नाही म्हणायची, आणि मी दोघींच्या मध्ये वेड्यासारखा फिरायचो. मला एवढंच पाहिजे होतं की त्या दिवशी आत्या मांडवात असावी.

मग माझ्या डोक्यात आलं, बाई येत नसेल तर निदान आवाज तरी मांडवाच्या मधोमध आणू. आत्यानं गायलेल्या ओळी, आणि त्याखाली माझा ठोका. आणि खरं सांगायचं तर मनात एक आशा होतीच, की स्वतःचा आवाज आतून आला तर तीही येईल.

तिला गोधड्यांच्या खोलीत बसवलं. माईक बघून तिनं पदर सावरला, जणू फोटोच काढून राहिलो. "कुणाकडं बघून म्हणू?" "कुणाकडंच न्हाई आत्या, नुसतं म्हण." "आरं, समोर बाया न्हाईत तर कुणाला म्हणू?" शेवटी मीच समोर बसलो, तेव्हा तिला ओळ सुचली. बाहेर कोंबडी ओरडली की ती थांबून कोंबडीला शिव्या घालायची, तेही सगळं रेकॉर्ड झालं. पण अधूनमधून ती गायला लागली की गोधड्या, खिळे, वायरी सगळं विरघळून जायचं आणि मी पुन्हा बांधावर पडलेलो असायचो. झाल्यावर तिला हेडफोन लावून तिचाच आवाज ऐकवला. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला. "अगं बाई," म्हणाली, "ही म्हातारी कोण?"

पुढं मी जे केलं ते आमच्या धंद्यातला कुणीही करेल. तिच्या ओळी कापल्या, जिथं ती मागं रेंगाळली होती तिथून ओढून नेमक्या ठोक्यावर आणल्या. प्रत्येक ओळीनंतर बायांच्या उत्तरासाठी नुसता ठोका ठेवला, आणि प्रत्येक वेळी बराबर तेवढीच जागा. हाऊसचं सगळं घरच ह्या सारखेपणावर उभं असतं. पाहुण्यांची यादी आत्याकडून विचारून घेतली होती, जेवढी नाती तेवढ्या ओळी, म्हणजे कुणी सुटणार नाही. ट्रॅक इतका देखणा झाला होता की मी स्वतःवरच खूश होतो.

हळदीचा दिवस उजाडला. दुपार कलली होती. मांडवावर जांभळाचे हिरवे डहाळे, त्यांतून गाळून आलेलं ऊन बायांच्या लुगड्यांवर हलत होतं. स्पीकर मी दोनच लावले होते, तेही हळू. बहीण पाटावर बसली होती, तिचे डोळे घराच्या मागच्या बाजूला. तिकडं आत्या चुलीपाशी पुऱ्या लाटत बसली होती. मी शेवटचं एकदा जाऊन विचारलं तर लाटणं दाखवून म्हणाली, "जा, तुझं काम कर."

मी ट्रॅक लावला. आधी तो ठोका, जमिनीतून वर येणारा. बाया एकमेकींकडं बघून हसल्या. मग आत्याचा आवाज आला, मांडवाच्या मधोमध. बहिणीनं तोंडावर हात धरला. ओळ संपली, मामी हळदीची वाटी घेऊन पुढं झाली, आणि बायांनी नातं घालून ओळ परतवली. बराबर बसली. मला वाटलं, जिंकलं.

मग आली डोंगरकड्याची मोठी मावशी. आता 'मामी' म्हणायला किती वेळ लागतो आणि 'डोंगरकड्याची मोठी मावशी' म्हणायला किती? बाया अजून डोंगरकड्यापाशीच होत्या, तोवर स्पीकरमधून आत्याची पुढची ओळ त्यांच्या अंगावर येऊन आदळली. काही बाया तिकडं, काही इकडं. मावशीचा हळदीचा हात हवेतच. पुढच्या नात्याला ह्याहून वाईट झालं. कुणी खिदळायला लागलं, कुणी म्हणालं, "ह्या मशिनीला काय ऐकू येतंय का आपलं?" एवढी वर्षं ह्या गाण्याच्या उशाशी झोपलो आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये! ठोका आपला चाललाच होता, निर्लज्जासारखा.

तेवढ्यात घराच्या मागून आरोळी आली. "आरं थांबव ते!" आणि आत्या आली, तावातावानं, पिठाचे हात वर धरून, डहाळ्यांखालून, बायांना बाजूला सारत, सरळ माझ्या टेबलासमोर. "मुडद्या, बायांला दम तर घेऊ देशील का न्हाई? मावशीचं नातं काय पळत पळत म्हणायचं?"

"आत्या, त्याच्यात आधीच ठरवलेलं हाय सगळं."

"कुणी ठरवलं? नातं मोठं हाय तर मोठं म्हणू दे की!"

मी तिचा रेकॉर्ड केलेला आवाज बंद केला. ठोका तेवढा राहू दिला. आत्यानं माझ्याकडं पाठ केली, पिठाचा हात उचलला आणि स्वतः ओळ उचलली.

ते कसं सांगू तुम्हाला? ती ठोक्याकडं बघतच नव्हती. ठोका खालून जात होता, ती वरून, जेव्हा बाया थांबतील तेव्हा ती सुरू होत होती, आणि तरी कुठंच काही सुटत नव्हतं. मावशीचं नातं झालं, मग काकूचं, मग शेजारच्या भाभीचं, लांब नातं लांब, छोटं नातं छोटं. ऊन हलत होतं, हळदीचा ओला वास सगळीकडं पसरला होता, बाया डुलायला लागल्या होत्या. मी डोळे मिटले. वाटलं, हे असंच चालू राहावं, कुणी म्हणजे कुणी थांबवू नये.

आणि आवाज मध्येच तुटला. मी डोळे उघडले. आत्या खाली बघत होती. पाटाशेजारी, मांडवाच्या पार मधोमध, तिची पावलं. आपण कुठं उभ्या आहोत हे तिला आत्ता कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. पाठ न वळवता ती एक एक पाऊल मागं जायला लागली, ओल्या सारवणावरून जातात तशी जपून.

बहीण पाटावरून उठली.

सगळ्या बाया ओरडल्या. हळद पुरी व्हायच्या आत नवरीनं पाटावरून उठायचं नसतं. "अगं बस! बस!" पण बहीण आत्याच्या मागं निघाली होती. आणि आत्या, पोर पडेल-झडेल म्हणून आयुष्यभर धावली तशी धावली. दोन्ही खांदे पकडून तिनं तिला खाली दाबलं. "बस म्हणते ना! अपशकुन करती का?"

बहीण बसली. आत्याचे हात तिच्या खांद्यांवरच होते. मग आत्यानं ते उचलून बघितले. पीठ, आणि पिठावर हळद. माझ्याकडून ठोका कधी बंद झाला ते मला कळलं नाही. मांडवाच्या खांबाशी उभा असलेला बाप डोळे पुसत होता, उघड उघड.

बहीण मान न वळवता म्हणाली, "आत्या, पाठीला राहिली हाय."

मावशीनं हळदीची वाटी उचलून आत्यापुढं धरली. आत्या कितीतरी वेळ वाटीकडं बघत राहिली. मग ती बहिणीच्या मागं टेकली आणि दोन्ही हात वाटीत घातले. बहिणीच्या पाठीवरून ते हात फिरायला लागले, जसे तिला न्हाऊ घालताना फिरायचे तसेच, मानेपासून खाली. पण तिच्याच्यानं ओळ उचलवेना, आणि पुढं म्हणायला आता कुणी नव्हतं. बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

मी ठोका सुरू केला. त्यावर तिची रेकॉर्ड केलेली एक ओळ सोडली, एकच, आणि पुढच्या ओळीच्या बटणावर बोट ठेवून थांबलो. मावशीनं ती ओळ उचलली, तिच्या मागून सगळ्या बायांनी, आणि नात्याच्या जागी त्या म्हणाल्या, आत्या. दोन अक्षरांचं नातं. झटकन संपलं असतं. पण त्या म्हणतच राहिल्या, लांबवत राहिल्या, आणि मी बोट दाबलं नाही.